केसची बदली: मुंबई ते अबूधाबी, व्हाया कोथरूड

मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. पोरगा हुशार आहे, पण त्याला सगळं फोनवरच आणि लगेच हवं असतं. म्हणे ताई, तुम्ही तुमची ईबी-५ ची (अमेरिकेत पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायच्या व्हिसाची) केस मुंबईहून अबूधाबीला हलवलीत ना, मग जरा सांग की माझी सिंगापूरला कशी हलवायची. मी म्हटलं, तू सिंगापूरला राहायला कधी गेलास? तर म्हणे राहायला कुठे, आहे बाणेरलाच, पण तिथे गर्दी कमी असते असं ऐकलंय. पाऊण तास त्याच्याशी बोलले आणि फोन ठेवल्यावर वाटलं की आता लिहूनच टाकते, कारण हा असा विचारणारा तिसरा माणूस आणि मला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायचा कंटाळा आलाय.

आधी त्याचा प्रश्न निकालात काढते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगून टाकलंय की इमिग्रंट व्हिसाचा इंटरव्ह्यू तुम्ही जिथे राहता त्या हद्दीच्या कॉन्सुलेटला होणार, नाहीतर तुम्ही मागितलंत तर ज्या देशाचे नागरिक आहात तिथे. थोडेफार अपवाद आहेत, पण "तिथे तारीख लवकर मिळते म्हणे" हा त्यातला नाही. बाणेरला राहणाऱ्या भारतीय माणसाला दोन्ही बाजूंनी मोजलं तरी मुंबईच येते. नियम तसा अगदी नवाही नाही, जिथे राहता तिथे अर्ज करा हे पुस्तकात आधीपासून होतंच, पूर्वी थोडं सांभाळून घ्यायचे, आता घेत नाहीत एवढंच. आणि इंटरव्ह्यूची तारीख लागल्यावर जागा बदलून हवी असेल तर कॉन्सुलेटला मेलवर मेल टाकत बसायचं नाही, एनव्हीसीकडेच (नॅशनल व्हिसा सेंटर, इंटरव्ह्यूच्या आधी फाइल ज्यांच्याकडे असते ते) जायचं, तेही आपण तिकडे खरंच राहतो हे दाखवायची तयारी ठेवून.

आमची बदली या नियमाच्या आधीची, २०२४ ची. पण आम्ही तिकडे खरोखर राहायला गेलो होतो, त्यामुळे आज असतो तरी ती झाली असती.

बदली हा शब्द मी मुद्दामच वापरतेय. आमचे आप्पा महसूल खात्यात, अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले, त्यामुळे माझं लहानपण म्हणजे बदलीची ऑर्डर, ट्रंका, ट्रक, नवीन शाळा आणि तिथल्या बाईंनी नावाचा उच्चार चुकवणं. कराड झालं, पंढरपूर झालं, मग भोर. आप्पांकडून एक गोष्ट लहानपणीच कळलेली, की माणूस कुठेही बसला तरी त्याची सर्व्हिस बुकातली जागा वेगळी असते. प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या खात्यात गेलेला माणूस खुर्चीत तिकडे बसतो पण धारणाधिकार मूळ जागेवर असतो, असं ते जेवताना समजावून सांगायचे आणि आई म्हणायची, पोरीला भाकरी तरी खाऊ द्या.

तर आमची केस. इन्व्हेस्टर मी आहे. हे आधीच सांगते कारण अजूनही बँकेपासून वकिलापर्यंत सगळे "सरांना विचारून सांगा" म्हणतात. खेड शिवापूरच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन, आप्पांनी हयातीतच वाटणी केली, दोघा भावांबरोबर माझ्याही नावावर वाटा आला, आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली नाही. यावरून घरात जे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, पुढच्या राखीपर्यंत सगळं ठीक झालं होतं एवढं पुरे. तो वाटा आणि कोथरूडचा आमचा दुसरा छोटा फ्लॅट विकून पैसे उभे केले. ग्रामीण भागातल्या प्रोजेक्टसाठी आठ लाख डॉलर लागतात (ग्रामीण किंवा जास्त बेकारीचा भाग नसेल तर साडेदहा लाख), वर प्रोजेक्टवाल्यांची फी वेगळी. डॉलर तेव्हा एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या आसपास होता, हिशोब तुम्हीच करा, मला परत करायचा नाहीये.

आणि पैसे पाठवणं म्हणजे नुसती बँकेत स्लिप भरणं नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. मग माझ्या नावाने अडीच, नवऱ्याच्या नावाने अडीच, लेकीच्या नावाने अडीच (ती वीस वर्षांची होती, खात्यात तोपर्यंत कधी वीस हजारही नव्हते) आणि उरलेले पन्नास हजार सासऱ्यांच्या नावाने, आणि प्रत्येकाला आधी गिफ्ट डीड. तेव्हा सात लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँकच आधी घेते तो कर) पाच टक्के होता. ऑक्टोबर २०२३ पासून तो वीस टक्के झाला, तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो हे खरं, पण तोपर्यंत पैसे अडकतातच. आम्ही थोडक्यात वाचलो.

आय-५२६ई हा ईबी-५ चा मूळ अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये भरला. त्यात एक रकाना असतो, व्हिसासाठी कुठल्या कॉन्सुलेटला जाणार. आम्ही तेव्हा पुण्यात, वकिलाने न विचारताच मुंबई लिहिलं, आम्हीही बघून सही केली. बाकी काय लिहिणार होतो. सगळा खेळ त्या एका रकान्याचा आहे हे पुढे दीड वर्षाने कळलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नवऱ्याची नोकरी दुबईला गेली. म्हणजे कंपनी तीच, ऑफिस तिकडे. मी आणि मुलगा (तेव्हा तेरा वर्षांचा, मित्र सोडून जायचं म्हणून महिनाभर तोंड फुगवून) त्याच्याबरोबर गेलो, लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला म्हणून पुण्यात आजी-आजोबांकडे राहिली. जानेवारी २०२४ मध्ये अर्ज मंजूर झाला. रुरलच्या फायली ते आधी घेतात म्हणून चौदा महिन्यांत झालं. आणि मंजूर झालेली फाइल गेली एनव्हीसीला, म्हणजे न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ गावात जे नॅशनल व्हिसा सेंटर आहे तिथे. तिथून केस नंबर आला, बीएमबीने सुरू होणारा. बीएमबी म्हणजे बॉम्बे. शहराचं नाव १९९५ साली बदललं तरी त्यांच्या कोडात अजून बॉम्बेच आहे, आपल्याकडच्या हायकोर्टासारखं.

इथे दोन मिनिटं थांबून लेकीचं सांगते, कारण आमचा खरा जीव तिच्यात अडकला होता. मुलं आईवडिलांच्या केसमध्ये एकवीस वर्षांच्या आतली आणि अविवाहित असली तरच येतात. ती जुलै २००२ ची. म्हणजे अर्ज भरला तेव्हा वीस वर्षं चार महिने, आणि अर्ज पडून असतानाच एकवीस पूर्ण. पण चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट नावाचा कायदा आहे, त्याप्रमाणे व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून अर्ज जितके दिवस पेंडिंग होता तितके दिवस वजा करायचे. आमच्या रुरल कॅटेगरीत भारतासाठी तारीख करंट होती, म्हणजे रांग नव्हती, म्हणून मंजुरीच्या दिवशीच व्हिसा उपलब्ध धरला. साडेएकवीस वजा चौदा महिने, आलं परत वीस वर्षं चार महिने. हे गणित मी किमान पन्नास वेळा केलं असेल, कॅलेंडरवर, एक्सेलमध्ये, एकदा दुधाच्या वहीच्या मागे. पण यात अट अशी की व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत तिच्यासाठी पाऊल उचललेलं पाहिजे, म्हणजे आमच्या बाबतीत तिचा डीएस-२६० फॉर्म, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा अर्ज, भरून सबमिट झालेला पाहिजे. कॉन्सुलेट बदलायच्या नादात तो फॉर्म लांबवला असता तर सगळंच बसलं असतं. म्हणून आम्ही आधी, मे २०२४ मध्ये, चौघांचे फॉर्म सबमिट केले आणि मगच बदलीचा विषय काढला. कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी ही सांगेन, आधी फॉर्म मग बदली.

फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता दुबईचा लिहिला, आणि इंटरव्ह्यू मात्र मुंबईला. मला वाटलेलं की दुबईचा पत्ता बघून ते आपोआप अबूधाबी करतील. अजिबात नाही. पत्ता एका खिशात आणि पोस्ट, म्हणजे इंटरव्ह्यूचं कॉन्सुलेट, दुसऱ्या खिशात. पण पत्ता बदलल्याचा दुसरा परिणाम लगेच झाला, पोलीस बदलले. आम्ही पुण्याहून निघायच्या आधी भारताचं पीसीसी (पोलिसांचं सर्टिफिकेट) घेऊन ठेवलेलं आणि हुशारी केली असं वाटत होतं, तर एनव्हीसीने फाइल परत पाठवली, की सध्याच्या देशात सहा महिन्यांच्या वर राहताय, तिथल्या पोलिसांचं सर्टिफिकेट कुठे आहे. सोळा वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला लागतं. ते दुबई पोलिसांच्या अॅपवरून मिळालं, त्यात काही त्रास नाही. लेकीचं भारताचं पीसीसी राहिलं होतं, ती मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आली, मग घरी हवालदार आले, त्यांनी आप्पांना ओळखलं नाही पण आप्पांनी त्यांना भोरच्या जुन्या फौजदारांबद्दल अर्धा तास सांगितलं.

नवऱ्याचा जन्मदाखला ही अजून एक भानगड. १९७१ चा जन्म, साताऱ्याकडचं छोटं गाव, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात वडिलांचं नाव, आईचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगा". नाव नाहीच. मग दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्याचे दोन्ही काका नोटरीसमोर एकमेकांशी बारशाच्या तारखेवरून भांडतायत. ते झालं आणि जुलै २०२४ मध्ये सगळी कागदपत्रं पूर्ण असल्याचा मेल आला.

आता बदली.

बदली कशासाठी हवी होती हे प्रामाणिकपणे सांगायचं तर सोय. मुलाची शाळा, नवऱ्याची रजा, आणि मुंबईला इंटरव्ह्यू म्हणजे आधी बोटांचे ठसे द्यायची वेगळी अपॉइंटमेंट, मग मेडिकल, मग बीकेसीतलं कॉन्सुलेट, म्हणजे चौघांचा दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम. नवऱ्याच्या मनात मात्र अजून एक कारण होतं, त्याला कोणीतरी सांगितलेलं की अबूधाबीत लाइन छोटी असते. मी वकिलाला स्पष्ट विचारलं की याने आपण पुढे जाऊ का. ती म्हणाली, तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, तीच राहते, कोटा भारताचाच लागतो कारण तो जन्मलेल्या देशावर असतो, कॉन्सुलेटवर नाही, आणि बदली चालू असेपर्यंत तुम्ही ना इकडच्या यादीत ना तिकडच्या. म्हणजे वेळ गेलाच तर जाईल. हे ऐकून नवरा म्हणाला, मग मुंबईलाच करू. आणि मग लेकाच्या शाळेचं वेळापत्रक बघून दोन दिवसांनी परत म्हणाला, अबूधाबीच करू. (यूएईमध्ये इमिग्रंट व्हिसा दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये होत नाही, अबूधाबीच्या एम्बसीतच होतो. हे आम्हालाही माहीत नव्हतं, आम्ही आधी घरापासून मेट्रोने किती मिनिटं लागतील ते बघत होतो.)

विनंती करायची ती एनव्हीसीच्या वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून. केस नंबर, नाव, जन्मतारीख आणि काय हवंय ते. यात वकिलाच्या ऑफिसने आमचे पाच आठवडे घालवले. दर सोमवारी मी विचारायचे, दर सोमवारी उत्तर यायचं की या आठवड्यात करतोय. शेवटी कळलं की जी मुलगी ते बघत होती ती रजेवर गेली होती आणि फाइल तिच्याच नावावर होती. चीड आली पण ओळखीची वाटली, आप्पांच्या कचेरीतही हेच.

मजकूर काय लिहायचा यावर घरात चर्चा झाली. नवऱ्याने दीड पानाचं पत्र लिहिलं, त्यात कंपनीची पुनर्रचना, मुलाची शाळा, सासूबाईंचे गुडघे, दोन देशांतले मैत्रीपूर्ण संबंध, सगळं होतं. वकिलाने ते चार ओळींवर आणलं. अर्जदार ऑक्टोबर २०२३ पासून दुबईत रेसिडन्स व्हिसावर राहते, नवरा आणि मुलगा बरोबर राहतात, म्हणून केस अबूधाबीला पाठवावी, पुरावे द्यायला तयार. बास. आणि खरंच त्यांना तेवढंच हवं असतं, तुम्ही तिथे कायदेशीर राहता की फिरायला गेलायत. आम्ही पुराव्याचा गठ्ठा तयार ठेवला, एमिरेट्स आयडी, रेसिडन्स व्हिसा, लाइट-पाण्याचं बिल, मुलाच्या शाळेचं पत्र. यात एक मेख होती. घराचा करार म्हणजे ती एजारी नवऱ्याच्या नावावर, बिल नवऱ्याच्या नावावर, माझा व्हिसासुद्धा त्याच्या स्पॉन्सरशिपवर. आठ लाख डॉलरची मालकीण मी आणि दुबईत माझ्या नावावर एक सिमकार्ड. मग एजारीत घरात राहणाऱ्यांची नावं नोंदवता येतात तिथे माझं नाव घातलं आणि लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं. ज्या बायका नवऱ्याच्या नोकरीमुळे बाहेर गेल्यात आणि केस स्वतःच्या नावावर आहे त्यांनी हे आधीच करून ठेवा.

लेकीचं काय करायचं हा दुसरा प्रश्न. ती पुण्यात राहते, तोपर्यंत हिंजवडीत नोकरीलाही लागली होती. मला वाटत होतं तिचा इंटरव्ह्यू मुंबईला ठेवावा, आमचा अबूधाबीला. वकील म्हणाली, असं मागे राहून नंतर येता येतं, पण मग तुमचं आधी होणार, तिची फाइल तिकडे जाणार, आणि वयाचं नाजूक गणित असलेली पोरगी एकटी एका खिडकीवर उभी राहणार. नको, चौघं एकत्रच ठेवा, ती मुख्य अर्जदाराबरोबर अबूधाबीला येऊ शकते. तिला व्हिजिट व्हिसावर बोलावून घ्या. मला ते पटलं. नोकरी नवीन, रजा नाही, तिच्या मॅनेजरला काय सांगायचं यावर तिने दोन महिने विचार केला आणि शेवटी फॅमिली फंक्शन सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटी फॉर्म गेला. साचेबंद उत्तर आलं की विनंती मिळाली. मग शांतता. दिवाळीला आम्ही पुण्यात आलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या की आलाच आहात तर मेडिकल उरकून घ्या मुंबईत, आमच्या जावयाने तसंच केलं. नवरा तयार झाला होता. नशीब मी विचारून घेतलं. मेडिकलचे डॉक्टर ठरलेले असतात, पॅनल फिजिशियन म्हणतात, आणि इंटरव्ह्यू जिथे असेल तिथल्याच यादीतले लागतात. मुंबईत केलेलं मेडिकल अबूधाबीत चाललं नसतं, चौघांचे पैसे पाण्यात. शिवाय मेडिकलची मुदत असते आणि व्हिसाची मुदत त्याला बांधलेली असते, त्यामुळे फार आधी करूनही उपयोग नाही. काकूंच्या जावयाची केस मुंबईचीच होती, म्हणून त्याचं चाललं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एनव्हीसीचा मेल आला, केस अबूधाबीकडे शेड्यूल होईल. एका ओळीचं उत्तर. कुठलीही नवीन फी नाही, माणशी ३४५ डॉलर आधीच भरले होते ते तसेच धरले. केस नंबर बदलला नाही. मी तीनदा उघडून पाहिला, बीएमबीच. मला वाटलं चुकलं, परत पाठवलं वाटतं मुंबईला. वकील म्हणाली, नंबर जन्माचा असतो, तो राहतो, पोस्ट बदलली आहे.

इंटरव्ह्यू एप्रिल २०२५ मध्ये लागला. त्याच महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं परराष्ट्र खात्याचं मासिक पत्रक) भारताच्या साध्या, म्हणजे राखीव नसलेल्या ईबी-५ ची तारीख मागे सरकून १ नोव्हेंबर २०१९ वर गेली. आमची रुरल राखीव म्हणून धक्का लागला नाही, पण ते पान वाचताना पहिल्या सेकंदाला पोटात गोळा आलाच.

मधल्या काळात माझ्या नणंदेने लेकीसाठी तीन स्थळं आणली. एक तर खरंच चांगलं होतं, मुलगा डॉक्टर, घर प्रभात रोडला. त्यांना सांगावं लागलं की सध्या नाही. का नाही, तर अमेरिकेत पाऊल पडेपर्यंत ती अविवाहित असायला हवी, लग्न झालं की केसमधून बाहेर. नणंद म्हणाली, म्हणजे तुमचं सरकार ठरवणार का पोरीचं लग्न कधी करायचं. मी म्हटलं आमचं नाही, त्यांचं. लेक आतल्या खोलीतून ओरडली की दोन्ही सरकारांचे आभार माना.

ती इंटरव्ह्यूच्या दहा दिवस आधी आली. मेडिकलमध्ये मुलाच्या लशींवर गाडी अडली, आमच्या पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी फाइलवर ज्या अक्षरात लिहिलंय ते त्यांनाच वाचता येतं, म्हणून त्याला दोन लशी परत घ्याव्या लागल्या. चालायचंच.

इंटरव्ह्यूच्या दिवशी पहाटे पाचला दुबईहून निघालो. मूळ कागदांची बॅग माझ्या मांडीवर. मूळ कागद म्हणजे जे कोथरूडच्या गोदरेजच्या कपाटातून दिवाळीत आणले होते, लग्नाचं सर्टिफिकेट, जन्मदाखले, सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, आणि प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर. आणि इथे बदलीचा तो एक तोटा कळला जो मला कोणीच सांगितला नव्हता. बीकेसीत बसलेल्या लोकांच्या हाताखालून रोज सातबारे जात असतील. अबूधाबीत तसं नसावं. खिडकीतल्या ऑफिसर बाई भल्या होत्या, पैशाचा स्रोत अर्ज मंजूर करताना तपासून झालेला असतो त्यामुळे त्या परत खोलात शिरल्या नाहीत, पण फाइल चाळताना भाषांतराच्या त्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, ही इतकी माणसं कोण आहेत? जुना सातबारा, त्यावर आप्पा, त्यांचे भाऊ, मयत चुलत्यांचे वारस, विहिरीत पाव हिस्सा असलेले कोणीतरी. मी सुरू केलं, हे माझे वडील, हे काका, हे काकांचे... नवऱ्याने पायाने खुणावलं की आवर. मी म्हटलं, वाटणीच्या आधीचं कुटुंब आहे, पुढच्या पानावर फक्त माझं नाव आहे. त्यांनी पान उलटलं, मान हलवली.

त्याच्या आधी त्यांनी "इन्व्हेस्टर कोण" असं विचारलं होतं आणि बघितलं होतं नवऱ्याकडे. मी हात वर केला. शाळेत करतात तसा, अगदी पूर्ण वर.

लेकीला दोनच प्रश्न. काय करतेस, आणि लग्न झालंय का. तिने "नो" इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी वळून पाहिलं. वयाचं गणित मी एका कागदावर तारखांसकट लिहून नेलं होतं, अर्ज भरल्याची तारीख, मंजुरीची, डीएस-२६० सबमिट केल्याची. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आहे, पण तो कागद घेतला आणि आपल्या स्क्रीनशी ताडून पाहिला. पंधरा-वीस मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर चौघांपैकी कोणालाच काय बोलावं कळेना, मुलगा म्हणाला भूक लागलीय, मग एका केरळी हॉटेलात पराठे आणि अंडा रोस्ट खाल्लं.

मावसभावाच्या यादीत अजून दोन प्रश्न होते, ते पटकन. त्याचा मित्र अमेरिकेत एच-१बी वर आहे, त्याने कॉन्सुलेटचा विचारच करू नये, तिथे असलेल्याला २०२२ च्या कायद्यापासून त्याच्या कॅटेगरीची तारीख करंट असेल तर ईबी-५ च्या अर्जाबरोबरच ग्रीन कार्डचा आय-४८५ पण भरता येतो. आणि ज्यांनी अर्जात "अमेरिकेतूनच करणार" असं लिहिलंय आणि आता भारतात परत आलेत, त्यांची फाइल एनव्हीसीला आपोआप जात नाही, त्यासाठी आय-८२४ नावाचा वेगळा फॉर्म असतो. ती बदली नाही, ते प्रकरणच वेगळं, वकिलाकडे जा.

पासपोर्ट नऊ-दहा दिवसांनी आले. मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा आप्पांना दाखवायला घेऊन गेले. त्यांचं वय आता पंच्याऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी भिंग लागतं. त्यांनी व्हिसाचं पान भिंगातून वरपासून खालपर्यंत वाचलं, जसं ते पूर्वी आलेला प्रत्येक टपाली कागद वाचायचे. देणारं ऑफिस अबूधाबी. खाली केस नंबर, बीएमबी. दोन्हीवर बोट ठेवून थोडा वेळ गप्प बसले.

"म्हणजे बसली अबूधाबीला," म्हणाले, "पण धारणाधिकार मुंबईतच की गं तुझा."